टेबल पानावर तुटतंय? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आमच्या हाउसिंग सोसायटीचा वार्षिक अहवाल मी वर्डमध्ये करतो. थकबाकीचं टेबल हमखास मधेच तुटतं, तीन ओळी या पानावर आणि बाकीचं पुढच्या. वरती एंटर मारून खाली ढकलतो, पण मजकुरात एक ओळ वाढली की परत सगळं विस्कटतं. कुणीतरी सांगितलं म्हणून 'अलाऊ रो टू ब्रेक अक्रॉस पेजेस'ची टिक काढून पाहिली, ढिम्म फरक नाही.
– एक सेक्रेटरी, ठाणे

उत्तर : सेक्रेटरीसाहेब, आधी ते सगळे एंटर डिलीट करा. ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यायची म्हणून अहवालात शेवटच्या दिवसापर्यंत खाडाखोड चालूच असते, कुणाचा तरी चेक उशिरा येतो, ऑडिटरचा एखादा शेरा वाढतो आणि मग तुम्ही मारलेले एंटर पुढच्या पानाच्या डोक्यावर जाऊन बसतात नि तिथे विनाकारण कोरी जागा दिसते.

आता त्या टिकेचं. ती चुकीची नाही, पण ती अख्ख्या टेबलसाठी नाहीच, एकेका रोसाठी आहे. म्हणजे फ्लॅट नंबर ३०२ समोर शेऱ्याच्या कॉलममध्ये चार ओळींचा मजकूर असेल तर त्यातल्या दोन इकडे नि दोन तिकडे जाणार नाहीत, एवढंच तिचं काम. दोन रोंच्या मधून पान तोडायला वर्ड मोकळाच आहे, आणि तुमच्या रो एकेका ओळीच्या असतील तर फरक दिसणार कुठून! टिक काढलेलीच राहू द्या, पण खरं औषध वेगळ्या ठिकाणी आहे, ते टेबलच्या मेनूत नाहीच म्हणून लोकांना सापडत नाही.

टेबलची शेवटची रो सोडून बाकी सगळ्या रो सिलेक्ट करा. होम टॅबवर पॅराग्राफ लिहिलंय ना, त्याच्या कोपऱ्यातला बारका बाण दाबला की खिडकी उघडते, त्यात 'लाइन अँड पेज ब्रेक्स' नावाचा दुसरा टॅब आहे, तिथे 'कीप विथ नेक्स्ट'ला टिक करा आणि ओके. चौकोन टिकेऐवजी नुसता भरलेला दिसला तर काही रोंना आधीच लागलंय आणि काहींना नाही असा अर्थ, नीट टिक दिसेपर्यंत क्लिक करा. याने प्रत्येक रो पुढच्या रोला जोडली जाते, रेल्वेचे डबे जोडतात तशी, आणि पानात मावत नसेल तर अख्खं टेबल उचलून पुढच्या पानावर जातं. शेवटची रो सोडायची कारण तिलाही लावलंत तर टेबलखालचा पॅराग्राफही त्याच्याबरोबर ओढला जातो. उलट टेबलच्या वरती 'थकबाकीदार सभासदांची यादी' असं शीर्षक असेल तर त्याला मात्र हे जरूर लावा, नाहीतर शीर्षक एका पानाच्या तळाशी एकटं आणि यादी दुसऱ्यावर. लागलंय की नाही बघायचं असेल तर होम टॅबवरचं ते उलट्या पी सारखं चिन्ह दाबा, ओळीच्या डाव्या बाजूला बारीक काळा चौकोन दिसतो.

पण यादी मुळात पानभरापेक्षा मोठी असेल तर हा नाद सोडा, ती तुटणारच. तिथे निदान हेडिंग तरी पुढच्या पानावर परत यायला पाहिजे, कारण दुसऱ्या पानावर नुसते आकडे बघून मेंबर विचारतात हा व्याजाचा कॉलम की मुद्दलाचा. वरची रो सिलेक्ट करून टेबलच्या लेआउट टॅबमध्ये 'रिपीट हेडर रोज' दाबा, हेडिंग दोन रोंचं असेल तर दोन्ही एकदम सिलेक्ट करून. कंट्रोल एंटर मारून स्वतः पान तोडलंत तर हेडिंग परत येत नाही, आणि टेबल प्रॉपर्टीजमध्ये टेक्स्ट रॅपिंग 'अराउंड' ठेवलेलं असेल तरी गडबड होते, ते 'नन' करा.

प्रश्न : घरच्या कॉम्प्युटरवर निकालपत्रक एकदम व्यवस्थित दिसतं, झेरॉक्सच्या दुकानात तीच फाइल उघडली की शेवटच्या चार ओळी पुढच्या पानावर. दुकानदार म्हणतो तुमच्याच फाइलमध्ये प्रॉब्लेम.
– एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : मॅडम, फॉन्ट बघा. तुम्ही मंगलमध्ये टाइप केलं असेल, आणि विंडोज १० पासून मंगल सगळीकडे आपोआप नसतो, देवनागरीचा जादा फॉन्टसंच म्हणून वेगळा घ्यावा लागतो. दुकानातल्या मशीनवर तो नसेल तर वर्ड गुपचूप दुसरा फॉन्ट लावतो, ओळींची उंची बदलते आणि पानात मावणारं टेबल मावेनासं होतं. दुसरा संशयित म्हणजे कागद. फाइल लेटर साइजला असेल आणि प्रिंट ए४ वर, तर ए४ लेटरपेक्षा साधारण १८ मिलिमीटर उंच पण ६ मिलिमीटर अरुंद, सगळा हिशेब हलतो. लेआउट टॅबमध्ये साइज ए४ करून घ्या आणि दुकानात वर्डची फाइल नेऊच नका, घरूनच पीडीएफ करून न्या. पीडीएफमध्ये पान जिथे तुटलंय तिथेच तुटतं, कुणाचाही कॉम्प्युटर असो.

प्रश्न : ऑफिसमध्ये लिबर ऑफिस आहे, घरी गूगल डॉक्स. तिथे टेबल तुटू नये म्हणून काय करायचं?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : लिबर ऑफिसवाले सुखी आहेत. टेबलवर राईट क्लिक, टेबल प्रॉपर्टीज, 'टेक्स्ट फ्लो' टॅब, आणि 'अलाऊ टेबल टू स्प्लिट'ची टिक काढून टाका, अख्ख्या टेबलचं काम एका टिकेत. हेडिंग परत आणायचं 'रिपीट हेडिंग'सुद्धा तिथेच खाली आहे. गूगल डॉक्समध्ये टेबल प्रॉपर्टीजच्या रो भागात रो पानावरून ओसंडू द्यायची की नाही ती टिक आहे, पण ती वर्डसारखीच एकेका रोपुरती. हेडिंगसाठी वरच्या रोवर राईट क्लिक करून ती पिन करा.