परसातला सौना: पिंप की खोली?

प्रश्न: आम्ही फिनलंडमध्ये एस्पोला घर घेतलंय. अंगणात सौना, म्हणजे गरम वाफेत बसायची लाकडी खोली, हवाय. यजमानांना पिंपाच्या आकाराचा तयार सौना आवडलाय. लाकडाची भट्टी की विजेची, यावरही वाद आहे. काय घ्यावं?
– एक वाचक, एस्पो

उत्तर: ताई, पिंप फोटोत छान दिसतं, पण मी घेणार नाही. गरम हवा वर जाते, म्हणून बसणाऱ्याचे पाय भट्टीवरच्या (पाणी टाकून वाफ काढायच्या) दगडांच्या पातळीला किंवा त्याहून वर हवेत. पिंपात बाक खाली असतो. डोकं तापतं, पाय गार राहतात. त्यापेक्षा चौकोनी खोली बांधा. छत साधारण अडीच मीटर, वरचा बाक छतापासून 110 ते 120 सेंटिमीटर खाली. आत अ‍ॅल्युमिनियमचा बाष्परोधक थर, आणि हवा आत-बाहेर जायला झरोके हवेतच. बाकासाठी अ‍ॅस्पेन किंवा आल्डरचं लाकूड घ्या. पाइनच्या गाठींतून तापलेला चीक येतो, तो मांडीला लागला की कळतं!

भट्टीची शक्ती ढोबळमानाने खोलीच्या दर घनमीटरला एक किलोवॅट. मोठी काच असेल तर थोडी जास्त. विजेची भट्टी परवानाधारक वायरमनकडूनच जोडून घ्या. रोज संध्याकाळी ऑफिसातून येऊन बसायचं असेल तर वीजच सोयीची. लाकडाच्या भट्टीची वाफ मला अधिक मऊ वाटते, पण धुराडं, सुरक्षित अंतर, राख, सरपण हे सगळं सांभाळावं लागतं. शिवाय बांधकामाआधी नगरपालिकेत परवानगीची चौकशी करा.

आणि नदीतले गोटे उचलून भट्टीवर ठेवू नका, तापून फुटतात. सौनाचेच दगड विकत मिळतात.