वाचक विचारतात : मृत्यूच्या दाखल्याची ‘मूळ’ प्रत म्हणजे कोणती?

प्रश्न : माझे वडील यंदा मार्चमध्ये इंदुरातल्या एका खासगी रुग्णालयात वारले. मृत्यूची माहिती मीच दिली होती आणि दाखल्याची एक प्रत मला मिळाली. ती विमा कंपनीने दाव्यासोबत ठेवून घेतली. आता बँक ‘मूळ दाखला आणा’ म्हणते आणि नोटरीने साक्षांकित केलेली झेरॉक्स घ्यायला तयार नाही. शिवाय विमा कंपनीने दाखल्यावर मृत्यूचे कारण का लिहिलेले नाही, अशीही शंका काढली आहे. आणखी प्रती कुठे मिळतील, त्या मूळ मानल्या जातील का आणि माझ्याऐवजी धाकटा भाऊ अर्ज करू शकेल का? *(लोकमान्य नगर, इंदूर)*

उत्तर : हा गोंधळ ‘मूळ’ या शब्दामुळे होतो, आणि तो केवळ अर्जदारांचाच नव्हे तर काउंटरपलीकडे बसलेल्यांचाही होतो. मृत्यूच्या बाबतीत मूळ कागद एकच, तो म्हणजे निबंधकाकडची नोंदवही किंवा आता संगणकातली नोंद, आणि ती कार्यालयाबाहेर कधीच येत नाही. आपल्या हाती जो दाखला पडतो तो त्या नोंदीचा प्रमाणित उतारा असतो. त्यामुळे पहिल्या दिवशी मिळालेला दाखला आणि दहा वर्षांनी काढलेला दाखला यांत कायद्याच्या दृष्टीने थोरला-धाकटा असा भेद नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, 1969 च्या कलम 17 प्रमाणे निबंधकाने प्रमाणित केलेला उतारा न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य असतो. तेव्हा तुम्ही नवी प्रत घेऊन बँकेत गेलात, तर तीच बँकेसाठी मूळ प्रत होय. नोटरीचा शिक्का असलेली झेरॉक्स मात्र या वर्गात बसत नाही, कारण नोटरीने नोंदवही पाहिलेली नसते. त्याने फक्त तुमच्या हातातला कागद पाहिलेला असतो. बँकेचा नकार त्यामुळे रास्त आहे.

भावाने अर्ज करण्यास हरकत नाही. माहिती देणाऱ्यालाच उतारा मिळतो असा समज सर्वत्र आहे, पण तो विनामूल्य पहिल्या दाखल्यापुरताच खरा आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार नोंदणी पूर्ण झाल्यापासून सात दिवसांच्या आत निबंधकाने माहिती देणाऱ्यास तो दाखला, कागदावर किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात, मोफत द्यायचा असतो. त्यानंतरच्या प्रतींसाठी कलम 17 ‘कोणतीही व्यक्ती’ असे म्हणते. राज्याच्या नियमांप्रमाणे शोधशुल्क आणि प्रतीचे शुल्क भरले की झाले. प्रत्यक्षात काउंटरवर भावाचे ओळखपत्र आणि मृताशी नाते दाखवणारा कागद मागतात, म्हणून ते सोबत असलेले बरे.

जायचे कुठे, तर ज्या झोनच्या हद्दीत रुग्णालय आहे त्या नगर निगम झोन कार्यालयात, तुमच्या घराच्या झोनमध्ये नव्हे. (एमवायसारख्या शासकीय रुग्णालयात मृत्यू झाला असेल, तर नोंदणी रुग्णालयाच्या स्वतःच्या कक्षात होते आणि प्रतही तिथेच मागावी लागते.) नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची तारीख ठाऊक असेल तर काम लवकर होते, विमा कंपनीकडे दिलेल्या दाखल्याची झेरॉक्स तुमच्याजवळ असेल तर दोन्ही गोष्टी त्यावर छापलेल्या असतील. यापुढे कोणताही दाखला हातचा सोडण्यापूर्वी त्याची झेरॉक्स काढून ठेवावी, एवढे मात्र आवर्जून सांगतो. नोंद केंद्राच्या नागरी नोंदणी पोर्टलवर असल्यास क्यूआर कोड असलेला दाखला तिथूनही उतरवता येतो. मात्र त्या पोर्टलची नक्कल करणारी खोटी संकेतस्थळे आहेत; पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ नसेल तर पैसेही भरू नयेत आणि माहितीही देऊ नये.

किती प्रती घ्याव्यात याचा विचार आधीच केलेला चांगला. बँका बहुधा दाखला पाहून, झेरॉक्सवर ‘मूळ पाहिले’ असा शेरा मारून दाखला परत करतात. विमा, न्यायालयातील वारसा प्रमाणपत्राचा अर्ज आणि कुटुंब निवृत्तिवेतन या ठिकाणी प्रत जमा करावी लागण्याची शक्यता अधिक. चार-पाच प्रती पुरतात. दहा घेऊन कपाटात ठेवणारी मंडळीही मी पाहिली आहेत.

राहिली मृत्यूच्या कारणाची गोष्ट. दाखल्यावर कारण नसणे ही चूक नाही. उताऱ्यात मृत्यूचे कारण उघड करू नये असे कलम 17 च्या परंतुकातच म्हटले आहे. विमा कंपनीला कारण हवे असेल तर रुग्णालयाने दिलेले मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे. 2023 च्या दुरुस्तीनंतर त्याची एक प्रत जवळच्या नातेवाइकास देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे, तेव्हा ती मिळाली नसल्यास रुग्णालयाकडे लेखी मागणी करा.

प्रश्न : आमच्या आत्याबाई आयुष्यभर इंदुरात राहिल्या, मतदानही इथलेच. गेल्या वर्षी त्या पुण्यात लेकीच्या घरी गेल्या असताना तिथेच वारल्या. धावपळीत नोंद राहून गेली आणि आता चौदा महिने उलटले आहेत. इथल्या झोन कार्यालयाने ‘आमच्याकडे होणार नाही’ म्हणून परत पाठवले. नियम काय आहे? *(सुदामा नगर, इंदूर)*

उत्तर : झोन कार्यालयाचे म्हणणे बरोबर आहे. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते. मृत व्यक्ती कुठली रहिवासी होती, आधारवर कोणता पत्ता आहे, अंत्यसंस्कार किंवा अस्थिविसर्जन कुठे झाले, या कशाचाही त्यावर परिणाम होत नाही. एवढेच काय, महूच्या छावणी हद्दीत मृत्यू झाला तरी नोंद तिथल्या छावणी परिषदेकडे असते, इंदूर नगर निगमकडे नाही. म्हणून तुमचे काम पुणे महापालिकेच्या संबंधित जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात आहे.

मुदतीचा हिशेब असा : मृत्यूपासून 21 दिवसांत माहिती दिली तर कोणतेही विलंब शुल्क नाही, 21 ते 30 दिवसांत विलंब शुल्क, 30 दिवसांनंतर पण वर्षाच्या आत जिल्हा निबंधक किंवा नियुक्त अधिकाऱ्याची लेखी परवानगी, शुल्क आणि स्वसाक्षांकित कागदपत्र, आणि एक वर्ष उलटल्यावर जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश. पूर्वी या शेवटच्या टप्प्यासाठी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे लागे. 2023 पासून ते काम महसूल खात्याकडे आले आहे. तुम्ही शेवटच्या टप्प्यात आहात. आधी पुण्याच्या निबंधकाकडून ‘नोंद उपलब्ध नाही’ असे प्रमाणपत्र (नमुना 10) घ्यावे, मग ते, स्मशानभूमीची पावती, घरी मृत्यू झाला असल्यास तपासलेल्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि आत्याबाईंची ओळखपत्रे जोडून तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. लेक पुण्यातच असल्याने अर्जदार तीच असावी, म्हणजे प्रत्येक तारखेला इंदूरहून कुणाला जावे लागणार नाही. नोंद झाल्यावर पुढच्या प्रती टपालाने मागवण्याची सोय नियमांत आहे. टपालखर्च अर्जदाराने भरायचा असतो.

इतर वाचकांसाठी एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. आपल्याकडे तेरावा होईपर्यंत कागदपत्रांचा विषय काढणे अशुभ मानले जाते, आणि त्याचा मान ठेवूनही पुढे आठ दिवस उरतात. तेराव्याला जमलेल्या नातेवाइकांपैकी एकाने हे काम अंगावर घेतले तर 21 दिवसांची मुदत चुकत नाही.

प्रश्न : दाखल्यावर आईचे आडनाव ‘काळे’ ऐवजी ‘काले’ असे आले आहे आणि नाव ‘कमलाबाई’, तर बँकेत ‘कमल मधुकर काळे’. दोन्ही चुका दुरुस्त करून घ्याव्यात का? *(रामबाग, इंदूर)*

उत्तर : ‘काळे’चे ‘काले’ होणे हा मध्य प्रदेशातल्या मराठी माणसाचा जुनाच भोग आहे. दाखला हिंदीत निघतो आणि हिंदीच्या वर्णमालेत ‘ळ’ नाही. इंग्रजीत मात्र दोन्हीचे स्पेलिंग एकच होते. बँक आणि विमा कंपनी इंग्रजी स्पेलिंग पाहतात, त्यामुळे ते जुळत असेल तर या एका अक्षरासाठी खटपट करू नये असे माझे मत आहे.

‘कमल’ आणि ‘कमलाबाई’ हा फरक मात्र नक्कीच दुरुस्त करून घ्यावा, कारण तो इंग्रजीतही दिसतो. कलम 15 प्रमाणे निबंधकास खात्री पटल्यास तो मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्ती लिहितो आणि त्याखाली सही व तारीख घालतो. त्यानंतर निघणाऱ्या प्रतीत दुरुस्त नाव येते. आईचे आधार, बँकेचे पासबुक आणि असल्यास शाळेचा दाखला जोडून अर्ज करा. हे होईपर्यंत जुन्या प्रती कुठेही देऊ नका, अन्यथा एकाच व्यक्तीचे दोन वेगवेगळे दाखले दोन कार्यालयांत फिरत राहतील. निबंधकाने दुरुस्ती नाकारली, तर 30 दिवसांच्या आत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येते.

प्रश्न : आजोबा 1962 साली इंदुरात वारले. जमिनीच्या प्रकरणात दाखला हवा आहे. तो मिळेल का? *(छत्रीबाग, इंदूर)*

उत्तर : आजचा नोंदणी कायदा मध्य प्रदेशात 1 एप्रिल 1970 पासून लागू झाला, तरी त्यापूर्वीही शहरात मृत्यूची नोंद होत असे. नगर निगमच्या जन्म-मृत्यू विभागात मृत्यूचे वर्ष, शक्य असल्यास महिना, आणि तेव्हाच्या राहत्या मोहल्ल्याचे नाव देऊन शोधाचा अर्ज करा. शोधशुल्क वर्षागणिक आकारले जाते, म्हणून ‘1960 ते 1965’ असे लिहिण्याऐवजी घरातल्या श्राद्धाच्या तिथीवरून तारीख ताडून पाहिली तर पैसे आणि वेळ दोन्ही वाचतील. नोंद न सापडल्यास वर सांगितलेले नमुना 10 चे प्रमाणपत्र मागून घ्या. जमिनीच्या प्रकरणात इतर पुराव्यांसोबत तेही जोडता येते.