गोल्डन स्टेट वॉरियर्ससारखा जिंकणारा संघ सोडून एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) खेळणाऱ्या केव्हिन ड्युरंटने चूक केली का?

मला तरी तसं वाटत नाही. त्याच्या नावाला खरा फटका बसला तो वॉरियर्स सोडल्यामुळे नाही, वॉरियर्समध्ये गेल्यामुळे. 2016 च्या प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) त्याचा तेव्हाचा संघ ओक्लाहोमा सिटी सात सामन्यांच्या मालिकेत 3-1 ने पुढे असताना वॉरियर्सकडूनच हरला आणि ड्युरंट लगेच त्याच संघात गेला. त्या हंगामात 73 सामने जिंकलेला संघ होता तो! पुढे 2017 आणि 2018 ची विजेतेपदं मिळाली, दोन्ही फायनल्सचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) तोच, तरी लोकांच्या लेखी संघ तिथला जुना स्टार स्टीफन करीचाच राहिला. तिथे आणखी दोन विजेतेपदं मिळवूनही हे बदललं नसतं.

2019 ला तो ब्रुकलिन नेट्स संघात गेला. 2022 मध्ये वॉरियर्स त्याच्याशिवाय जिंकले, हे टीकाकार लगेच दाखवतात. पण 2021 च्या प्लेऑफमधला मिलवॉकीविरुद्धचा सातवा, निर्णायक सामना आठवा. ड्युरंटचे 48 गुण, शेवटच्या सेकंदाला वळून मारलेला तो अफाट शॉट, आणि बुटाचं टोक तीन गुणांच्या रेषेवर. तीनऐवजी दोनच गुण मिळाले, बरोबरी झाली आणि ओव्हरटाइममध्ये ब्रुकलिन हरलं. त्या वर्षीचं विजेतेपद मिलवॉकीने जिंकलं. पाय जरा मागे असता, तर हा प्रश्न कुणी विचारलाच नसता असं मला मनापासून वाटतं.