नवीन स्टाफ नर्सला इन्चार्ज सिस्टर सगळ्यांसमोर टाकून बोलतात. गप्प राहावं की तक्रार करावी?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून खासगी हॉस्पिटलात लागून चार महिने झालेत, इन्चार्ज सिस्टर ओव्हर (ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती) घेताना पेशंटच्या नातेवाइकांसमोर "तुला पास कोणी केलं?" म्हणतात, एकदा शंका विचारलीस म्हणून सलग नाईट लावल्या, आणि घरचे म्हणतात, नवीन आहेस, सोस थोडं. (तुला 'तू' म्हणते, माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे.)

मी सरकारी दवाखान्यात 34 वर्षं काढली, त्यातली शेवटची 11 परिसेविका म्हणून. म्हणजे तुम्ही जिला इन्चार्ज म्हणता, ती. तेव्हा सल्ला द्यायच्या आधी सांगून टाकते की तुझ्या इन्चार्ज जे करतात ते मीही केलंय.

एक नवीन मुलगी होती, बंधपत्रित, म्हणजे बाँडवर लागलेली. प्रश्न फार विचारायची. एका सकाळी राउंडच्या गडबडीत तिने मला इन्सुलिनबद्दल काहीतरी विचारलं आणि मी दोन हाउसमन (शिकाऊ डॉक्टर), मावशी आणि अख्ख्या वॉर्डासमोर म्हणाले, "तीन वर्षं कॉलेजात झोपा काढल्यास का?" सगळे हसले. तीही हसली, म्हणून मला वाटलं विषय संपला.

त्याच आठवड्यात तिची नाईट होती. एका आजोबांच्या मुलाने बाहेरच्या मेडिकलमधून इन्सुलिनची व्हायल आणली होती. आमच्या फ्रिजमध्ये कायम 40 युनिटची व्हायल, म्हणजे एका मिलीत 40 युनिट, ही आली 100 ची. सिरिंज मात्र स्टॉकमधली, लाल टोपीची, 40 चीच. तिने जेवणाआधी 20 च्या रेघेपर्यंत भरलं. म्हणजे अर्धा मिली. 40 च्या व्हायलमधून ते 20 युनिट झालं असतं, 100 च्या व्हायलमधून झालं 50. अडीच पट. रात्री दोनला मावशी लघवीचं भांडं द्यायला गेल्या तर आजोबा घामाने चिंब, बोलणं अडखळतंय. शुगर 38. लगेच 25 टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं द्रावण) दिलं आणि आजोबा वाचले.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, व्हायल वेगळी दिसली नाही का तुला? म्हणाली, "दिसली सिस्टर. तुम्हाला फोन करावा असं वाटलंही. पण परत झोपा काढल्या म्हणाल, म्हणून नाही केला."

मेमो तिला मिळाला. मला नाही.

तेव्हापासून "स्वभाव आहे हो त्यांचा, मनाने चांगल्या आहेत" हे वाक्य मला ऐकवत नाही. असेल मन चांगलं, पण पेशंटला त्याचा काय उपयोग? इस्राएलमध्ये यावर एक प्रयोग झाला, 2015 मध्ये छापून आला. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या डॉक्टर-नर्सच्या 24 टीम्सना सरावाच्या पुतळ्यावर एक आजारी बाळ हाताळायला दिलं. काही टीम्सना एका परदेशी तज्ज्ञाने मधूनच टोमणा मारला, की तुमच्यासारखी माणसं माझ्या विभागात आठवडाभरही टिकली नसती. बाकीच्यांशी तो नेहमीसारखं बोलला. टोमणा ऐकलेल्या टीम्सचं निदानही चुकत गेलं आणि हातही. कारण ते एकमेकांना माहिती कमी देऊ लागले आणि मदत मागेनासे झाले. वाचताना मला ती लाल टोपीची सिरिंजच दिसत होती.

आता तुझ्याबद्दल. सगळ्यात आधी कडक इन्चार्ज आणि छळणारी इन्चार्ज यांत फरक कर, कारण कडक इन्चार्ज मिळणं भाग्याचं असतं. कडक बाई कामावर बोलते: सलाइनवर वेळ का लिहिली नाही, कॅथेटरची तारीख कुठंय. ती सगळ्यांनाच बोलते आणि चार वाजता चहा पिताना ते विसरलेली असते. छळणारी तुझ्या कॉलेजवर, गावावर, दिसण्यावर, जातीवर येते. ठरावीक एकीलाच धरते. आणि तिचं हत्यार बहुतेक वेळा तोंड नसतं, ड्यूटी रोस्टर असतं. नाईट लावणं, नाईटनंतरचा ऑफ कापणं, घरी लग्न आहे हे माहीत असून तीच रजा नाकारणं. यात आवाज चढत नाही, त्यामुळे तक्रार करायला गेलं की पुरावा काय म्हणतात. म्हणून रोस्टरचा फोटो दर महिन्याला काढून ठेव. तुझ्या नाईट किती, बाकीच्यांच्या किती, हे आकडे कुणाला खोडता येत नाहीत.

दुसरं, तोंडात वाक्य तयार ठेव. अपमान झाला की त्या क्षणी कुणालाच काही सुचत नाही, रात्री अंथरुणात सुचतं. बोस्टनमध्ये 26 नवीन नर्सेसवर केलेला एक अभ्यास 2004 मध्ये आला होता. त्यांना अशा प्रसंगी काय बोलायचं याचा आधीच सराव दिला, आणि ती वाक्यं लिहिलेली छोटी कार्डं ओळखपत्रामागे ठेवायला दिली. वर्षानंतर बऱ्याच जणींनी सांगितलं की समोरासमोर शांतपणे बोलल्यावर तो त्रास थांबला. आपल्याकडे ती इंग्रजी वाक्यं मराठीत उलथवून चालणार नाहीत, उद्धट वाटतील. मी मुलींना हे शिकवायचे: "सिस्टर, चुकलं असेल तर सांगा, मी शिकेन. पण पेशंटसमोर नको, ओव्हर झाल्यावर डेस्कपाशी येते." आवाज न चढवता, डोळ्यांत बघून, एवढंच. आणि मग खरंच डेस्कपाशी जा! निम्म्या इन्चार्ज इथंच थंड होतात, कारण आजवर त्यांना असं कुणी बोललेलंच नसतं.

औषधाची शंका असेल तर मात्र कुणाच्या रागाची पर्वा करू नकोस. "सिस्टर, मला खात्री नाही, खात्री झाल्याशिवाय मी देणार नाही" म्हण आणि त्या बोलल्या तर बोलू दे. त्या रात्री त्या मुलीने मला फोन केला असता तर मी नक्की खेकसले असते, पण आजोबांना बरोबर डोस मिळाला असता.

हे करून भागलं नाही तर एक वही सुरू कर. तारीख, कोणती ड्यूटी, काय शब्द वापरले, कोण हजर होतं. स्वतःच्या वहीत, घरी, आणि पेशंटचं नाव न लिहिता. महिनाभराची वही झाली की मॅट्रनना (सगळ्या नर्सेसच्या प्रमुखांना) लेखी अर्ज दे आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घे. तोंडी तक्रार केलीस तर संध्याकाळपर्यंत ती इन्चार्जच्या कानावर असते आणि कागदावर काहीच नसतं.

कायद्याचं विचारलंयस. खरं सांगायचं तर तुझ्या नेमक्या त्रासाला थेट लागू पडेल असा कायदा नाही. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि 10,000 रुपयांपर्यंत दंड, पण तो विद्यार्थ्यांसाठी. तू विद्यार्थिनी असतीस तर प्राचार्यांना तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत चौकशी करणं भाग पडलं असतं. आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हिंसेविरुद्धचा 2010 चा कायदा झाला तो तोडफोड करणारा जमाव डोळ्यांसमोर ठेवून. आतल्या आत रोज थोडं थोडं मारलं तर त्यासाठी काही नाही. बोलण्यात किंवा वागण्यात लैंगिक काही असेल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा लागतो. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवीच, आणि तिच्याकडे तीन महिन्यांच्या आत अर्ज द्यावा लागतो. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलीला जातीवरून चारचौघांत अपमानित केलं तर ॲट्रॉसिटी कायदा आहे. 2019 मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातल्या तरुण डॉक्टरने आत्महत्या केली, तेव्हा सीनियर डॉक्टरांवर जातीवरून छळल्याचे आरोप झाले. तिच्या घरच्यांचं म्हणणं होतं की आम्ही आधीच तक्रार केली होती. मला त्या बातमीत सगळ्यात जास्त हेच लागलं.

हे सगळं येतं कुठून, हेही माहीत असू दे. सर्जन इन्चार्जवर ओरडतो, इन्चार्ज स्टाफवर, स्टाफ मावशींवर, आणि मावशी नातेवाइकांवर. शिवाय रात्री चाळीस पेशंटना दोन स्टाफ. आम्हीही सोसलंय, तुम्हीही सोसा, ही सासुरवासाचीच रीत आहे, फक्त पांढऱ्या कपड्यांत. तुझ्या इन्चार्जनाही कुणीतरी असंच घडवलं असणार. त्यांचा राग कर, हरकत नाही, पण तुझ्या वॉर्डातल्या मावशींशी तू कशी बोलतेस तेही एकदा बघ. चार महिन्यांत सवय लागते, मला लागली होती.

त्या प्रसंगानंतर मी वॉर्डात दोन गोष्टी केल्या. फ्रिजमध्ये 40 आणि 100 च्या व्हायलसाठी वेगळे डबे ठेवले, प्रत्येक डब्यात त्याच मापाच्या सिरिंज. आणि ओव्हर संपताना सगळ्यात नवीन मुलीने एक तरी प्रश्न विचारायचा, विचारल्याशिवाय कुणी हलायचं नाही. पहिला महिनाभर सगळ्या चरफडल्या. मीही चरफडायचे, घरी जायला उशीर व्हायचा ना.

लेखी अर्जानंतरही दोन-तीन महिन्यांत काही हललं नाही, तर नोकरी बदल. त्यात कमीपणा नाही, नर्सेस सगळीकडे हव्या आहेत. फक्त राजीनामा टाकायच्या आधी बघ की तुझी मूळ प्रमाणपत्रं हॉस्पिटलने ठेवून घेतलेली नाहीत ना. बऱ्याच ठिकाणी जॉइन होतानाच घेतात. काहीतरी कामाचं कारण सांगून आधी ती हातात घे, अनुभवाच्या दाखल्याचा अर्जही लेखी दे, आणि मगच नोटीस.