कपाशीची पानं बोटांसारखी झाली: तणनाशक किती लांब जातं?

प्रश्न (करजण तालुका, वडोदरा जिल्हा, गुजरात): कपाशी दीड महिन्याची आहे. गेल्या आठवड्यात शेंड्याची पानं अचानक अरुंद, बोटांसारखी लांबट झाली. दुकानदार व्हायरस म्हणतो. त्यानं पांढऱ्या माशीचं औषध आणि टॉनिक दिलंय. नैऋत्येच्या बाजूला एकानं उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारलं होतं, पण मध्ये दोन शेतं आहेत. एवढ्या लांबून येतं का?

उत्तर: येतं, आणि तुमच्याकडे आलेलं आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत खालची जुनी पानं धड आहेत, फक्त नंतर फुटलेली बिघडली आहेत. शिरा फिकट होऊन एकमेकींना समांतर धावतायत. विषाणूच्या चुरड्यात पानाखालच्या शिरा जाड होतात, आणि रोग इथे दोन झाडं, तिथे चार झाडं असा वाढतो. एका आठवड्यात सगळं शेत एकसारखं बिघडत नाही. नैऋत्येच्या बांधापासून आत चालत जा. कडेला नुकसान जास्त आणि आत कमी होत गेलं, तर शंकाच नको. पावसाळ्यात आपल्याकडे वारा तिकडूनच येतो.

दुकानातून आणलेलं परत करा. टू-फोर-डीवर उतारा नाही. टॉनिक मारू नका, संजीवकं (झाडाची वाढ बदलणारी औषधं) तर मुळीच नको, कारण हे तणनाशक स्वतःच संजीवकासारखं वागून झाडाची वाढ पिळवटतं. झाड तीन-चार आठवड्यांत नवी धड पानं काढेल. तोवर पाण्याचा ताण पडू देऊ नका, कोळपणी करा. बोंडं उशिरा येतील, एवढं धरून चाला.

आता अंतराचं. फवारा दोन वाटांनी जातो. पहिली वाट थेंबांची: दहा फुटांवरून सुटलेला 100 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब साधारण 10 सेकंदांत खाली येतो, 20 मायक्रॉनचा मात्र चार मिनिटांहून जास्त तरंगतो. ताशी 5 किलोमीटरच्या वाऱ्यात चार मिनिटं म्हणजे तीनशे मीटरच्या वर झालं. तुमची मधली दोन शेतं यातच संपतात. दुसरी वाट वाफेची, आणि ती जास्त वाईट. इथाईल इस्टर प्रकारचं टू-फोर-डी पानावर सुकल्यावरही उन्हानं वाफ होऊन उठतं आणि कपाशीला त्यातलं नखभरही सोसत नाही. अमेरिकेत 2017 साली डायकांबा या अशाच उडणाऱ्या तणनाशकानं सुमारे 36 लाख एकर सोयाबीन आखडलं होतं.

म्हणून कपाशीच्या गावात इस्टर घेऊ नका. दुकानदार म्हणेल, "स्वस्त आहे, कडक आहे." घेऊ नका. मारायचंच असेल तर टू-फोर-डीचाच दुसरा प्रकार, अमाईन सॉल्ट, घ्या. त्याची वाफ फारशी होत नाही, पण थेंब त्याचेही उडतात, तेव्हा तेही जपूनच.

दुसरा चुकीचा सल्ला म्हणजे "वारा पडला की संध्याकाळी मारा." मी हे गावोगाव ऐकतो आणि गावोगाव त्याचं नुकसान पाहतो. सूर्य कलला की जमिनीलगतची हवा गार होते, वरची उबदार राहते, आणि बारीक थेंब त्या गार थरात अडकून आडवे सरकत जातात. चुलीचा धूर वर न चढता शेतावर पसरलेला दिसला, तर पंप खांद्याला लावू नका. ऊन वर येऊन तास-दोन तास झाले, वारा मंद पण एका दिशेचा आहे आणि कपाशीपासून दूर जातोय, ती वेळ बरोबर. भर दुपारही नको.

तिसरं, "पंपाला दोन झाकणं" हे प्रमाण नव्हे. प्रमाण एकराचं असतं आणि ते लेबलावर छापलेलं असतं. दुप्पट टाकलं की लव्हाळा वरून जळतो, खालची गाठ जिवंत राहते आणि जादा औषध शेजाऱ्याच्या शेतात जातं. नोझल फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट लावा, कीटकनाशकाचं बारीक फवाऱ्याचं नको. दाब कमी ठेवा. पंप तणनाशकाचा वेगळाच हवा.

खरं विचाराल तर कपाशीच्या शेजारी तणनाशक नकोच. दोन कोळपण्या आणि एक खुरपणी वेळेवर झाली तर तण आटोक्यात राहतं. मजूर मिळत नाहीत, हे मला माहीत आहे. मग शेजारी-शेजारी मिळून बैलजोडी ठरवा.

प्रश्न (पादरा तालुका, वडोदरा जिल्हा): माळ्यावर जुनी कीटकनाशकं आहेत, बीएचसी पावडर आणि एंडोसल्फान. दुकानदार म्हणतो, "जुना माल कडक, तुरीवर मारून टाका." मारू का?

उत्तर: नाही. बीएचसीवर 1997 पासून बंदी आहे, एंडोसल्फान सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये थांबवलं. ही औषधं हवेत लवकर मोडत नाहीत. उन्हात उडायचं, गारव्यात बसायचं, पुन्हा ऊन लागलं की उडायचं, असं करत ती उत्तर ध्रुवापर्यंत पोचतात. जिथे शेतीच नाही, तिथल्या हवेत आणि सीलच्या चरबीत बीएचसी सापडलं आहे. अंटार्क्टिकाच्या पेंग्विनमध्ये डीडीटी 1960 च्या दशकातच सापडलं होतं. म्हणूनच 2001 मध्ये अशा न मोडणाऱ्या विषांना आवर घालणारा स्टॉकहोम हा जागतिक करार झाला; भारत त्यात 2006 पासून आहे.

जाळू तर अजिबात नका. क्लोरीनवालं औषध उघड्यावर जाळलं की डायॉक्सिन तयार होतं, आणि तेही याच जातीचं, दूर जाणारं विष आहे. पुरू नका, नाल्यात ओतू नका. डबा आहे तसा दुसऱ्या जाड पिशवीत बांधा, कुलपात ठेवा आणि तालुक्याच्या शेती कार्यालयाला लेखी कळवा.

भरपाईबद्दल दोघांनीही विचारलंय. गुजरात सरकारनं 2020 मध्ये आणलेली मुख्यमंत्री किसान सहाय योजना दुष्काळ, अतिवृष्टी आणि अवकाळी पावसासाठी होती. उडून आलेलं तणनाशक त्यात बसत नाही. करजणच्या भाऊंनी तलाठी आणि ग्रामसेवकाकडून पंचनामा करून घ्यावा, तारखेसह फोटो ठेवावेत, आणि बिघडलेली फांदी घेऊन आधी ऊसवाल्याकडे जावं. त्याच्या उसाची पुढची फवारणी अजून व्हायची असेल.