पृथ्वी शोक करते ती कोणामुळे?

प्रश्न : बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या २४व्या अध्यायात पृथ्वी शोक करते, झुरते, असे म्हटले आहे. सध्याची अवर्षणे ही त्याच भाकिताची पूर्तता होय, असे आमच्या शास्त्राभ्यासात सांगितले जाते. शिवाय पेत्राच्या दुसऱ्या पत्रातील वचनाप्रमाणे (२ पेत्र ३:१०) सर्व काही अग्नीने लयास जाणार असेल, तर झाडे लावण्यात व पाणी राखण्यात काय अर्थ आहे?
— एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : चौथ्या वचनावर थांबू नये, पाचवे वाचावे. पृथ्वी आपल्या रहिवाशांमुळे भ्रष्ट झाली, कारण त्यांनी नियमशास्त्र उल्लंघिले आणि सनातन करार मोडला, असे तेथे कारण दिले आहे. (अध्याय २४ ते २७ यशयाच्या नंतरच्या काळातील असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात, आपल्या प्रश्नाला त्याने बाध येत नाही.) ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात होशेय संदेष्ट्यानेही हाच संबंध जोडला आहे : देशात खोटी शपथ, लबाडी, खून, चोरी व व्यभिचार माजल्यामुळे भूमी शोक करते आणि वनपशू, आकाशातील पाखरे व समुद्रातील मासेदेखील नाहीसे होतात (४:१-३).

सर्वांत नेमका दाखला यशयाच्या पाचव्या अध्यायात सापडतो. घराला घर व शेताला शेत जोडत जाऊन इतरांना जागाच न ठेवणाऱ्यांना तेथे ‘हाय हाय’ म्हटले आहे आणि शिक्षा अशी की होमरभर बियाण्यातून केवळ एफाभर पीक येईल. ही धान्याची मापे असून दहा एफांचा एक होमर होतो, म्हणजे पेरले त्याचा दशांशच हाती लागणार. जमीन परमेश्वराची असून ती कायमची विकू नये, हा लेवीय २५:२३चा नियम मोडणाऱ्या धनवानांवर हा ठपका होता. म्हणून आज कोरड्या विहिरीकडे पाहत बसलेल्या अल्पभूधारकाला ‘हा तुझ्या पापाचा न्याय’ असे सुनावणे मला अत्यंत आक्षेपार्ह वाटते. शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा अधिक अपराधी नव्हते, असे प्रभू येशूने स्पष्ट सांगितले आहे (लूक १३:४-५).

आता पेत्राच्या पत्राविषयी. दहाव्या वचनाआधी, सहाव्या वचनात, त्या वेळचे जग जलप्रलयाने नाश पावले असे लेखक म्हणतो. तरीही तारवातून उतरलेल्या नोहाचे पाय याच भूमीवर टेकले आणि पेरणी व कापणी खंडित होणार नाही, हे वचन त्याला मिळाले (उत्पत्ती ८:२२). त्यामुळे अग्नीचा अर्थही सृष्टी पुसून टाकणे असा न करता तिची शुद्धी असा करणे मला अधिक सुसंगत वाटते, कारण तेराव्या वचनात नीतिमत्त्व वास करील अशा नव्या पृथ्वीची आशा आहे आणि रोम ८:२२ मध्ये पौलाने सृष्टीचे कण्हणे हे प्रसूतिवेदनांचे मानले आहे, मरणाचे नव्हे.

जगाच्या अंताची वर्षे मोजण्यासाठी ज्या प्रकटीकरणाचा आधार नेहमी घेतला जातो, त्यातच, ११:१८ मध्ये, पृथ्वीची नासाडी करणाऱ्यांचा नाश करण्याची वेळ आल्याचे म्हटले आहे. पुढील शास्त्राभ्यासात हे वचन वाचनासाठी अवश्य सुचवावे.