मुलाने 'मी गे आहे' असं सांगितलं, आता आईवडिलांनी काय बोलायचं?

तुम्ही लिहिलंय मुलगा बारावीला आहे, परवा त्याने सांगितलं आणि तुम्ही नुसत्या गप्प राहिलात. अहो गप्प राहिलात ते बरंच म्हणायचं, मी त्याहून वाईट केलेलं. आम्ही फोंड्याचे, माझ्या लेकीने चवथीच्या आदल्या दिवशी सांगितलं, मी गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीच्या सुपाऱ्या निवडत बसलेले आणि तोंडातून निघालं काय तर "पाहुण्यांसमोर काही बोलू नको". ते तिला अजून आठवतं.

आजच त्याच्या खोलीत जा, चहा घेऊन जा हवं तर, आणि सरळ सांगा की परवा मला काही सुचलं नाही पण तू माझाच आहेस. मग ऐका. "कोणाच्या संगतीने झालं", "लग्न झालं की ठीक होईल" हे प्लीज नको. आणि त्याला न विचारता मामा, आत्या, शेजारी कोणालाच सांगू नका, आपल्याकडे म्हापशात शिंकलं तर मडगावला कळतं.

डॉक्टरकडे नेऊन "बदलून" आणायचा विचार तर अजिबात नको, हा आजार नाहीच, डब्ल्यूएचओने १९९० मध्येच यादीतून काढलं आणि असले उपचार करणं डॉक्टरांसाठी गैरवर्तन आहे असं नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये सांगितलंय. पोलिसांची भीती असेल तर समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ वरचा सुप्रीम कोर्टाचा निकाल सप्टेंबर २०१८ चा, प्रौढांचं संमतीचं नातं गुन्हा नाही.

तुम्हाला रडू येत असेल तर रडा, फक्त त्याच्यासमोर रोज नको. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात.